‘बघतो’ हा शब्द आधी सोड

नमस्कार काकू,

मी ३३ वर्षांचा, सीए. चार वर्षांपूर्वी नवी पेठेजवळ स्वतःचं ऑफिस काढलं. हाताखाली आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी काम शिकणारी, दोन मुलं आहेत. क्लायंट बहुतेक टॉवेल-चादरीचे कारखानदार, सूत व्यापारी, थोडे दुकानदार. काम वाढतंय, त्याची तक्रार नाही. पण मी माणसांत वाढलेला मुलगा आहे. शाळेचा ग्रुप, मंडळाची लेझीम, रविवारचं क्रिकेट, शनिवारी पुण्याहून येणारे मित्र, त्यावर लग्नं, बारशी, वास्तुशांती. सगळीकडे जावंसं वाटतं आणि कुठंच धड पोचत नाही. पोचलो तरी उशिरा, आणि अर्धं लक्ष फोनमध्ये. रात्री पाच तास झोप होते. सहा महिने पित्ताची गोळी रोज चालू आहे.

गेल्या महिन्यात जवळच्या मित्राचे वडील गेले. त्या दिवशी २० तारीख होती. मी तिसऱ्या दिवशी गेलो. तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून त्याचा फोनही नाही. लग्नाला दोन वर्षं झाली. बायको लातूरची आहे, समजूतदार आहे, काही म्हणत नाही. काम कमी करू की माणसं कमी करू, कळेना.

— र., जुळे सोलापूर

प्रिय र.,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कामाचा ढीग दिसला. दुसऱ्यांदा एकच वाक्य सलत राहिलं: ‘समजूतदार आहे, काही म्हणत नाही.’ त्याच्याकडे येतेच. आधी तारखांचं बोलू, कारण तू तारखांचा माणूस आहेस.

माझा धाकटा भाऊ तुझ्याच व्यवसायात आहे, त्यामुळे तुमचा महिना मला पाठ आहे. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, १४ ला २बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा उतारा, तयार होतं, मग त्याची खरेदीच्या बिलांशी मिळवणी आणि २० ला थ्रीबी, म्हणजे महिन्याचं कर भरायचं रिटर्न. शिवाय जुलैमधली आयकर रिटर्नं, ३० सप्टेंबरचं टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरअखेरची ऑडिटवाल्यांची रिटर्नं, डिसेंबरअखेर जीएसटीचं वार्षिक. भाऊ राखीपौर्णिमा विसरला आहे, २० तारीख कधी विसरला नाही.

आता माझं म्हणणं ऐक. तुझं काम जड आहे, पण लहरी नाही. सिव्हिलमधल्या डॉक्टरला आज रात्री कोण येणार हे ठाऊक नसतं. तुला मात्र एक एप्रिललाच सांगता येतं की वर्षातले कुठले दिवस तुझे नाहीत. मुदत कधीमधी वाढते, पोर्टल शेवटच्या दिवशी अडकतं, हे धरूनही सांगता येतं. तरी १९ तारखेच्या रात्रीच्या जेवणाचं बोलावणं आलं की तू म्हणत असशील, ‘बघतो की.’ पत्रात तू हा शब्द लिहिलेला नाहीस, पण सगळीकडे जायची इच्छा असणारा आणि कुठंच न पोचणारा माणूस दुसरं काही म्हणतच नसतो.

‘बघतो’ म्हणताना आपण समोरच्याचं मन राखलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यानं तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली असते, भाकऱ्या दोन जास्त सांगितलेल्या असतात, आणि नऊ वाजता तो फोन करतो, ‘येलालास का नाही बे, तेवढं सांग.’ तू ऑफिसात मान मोडून बसलेला. तिथं तुझं काम धड होत नाही, इथं त्याचं जेवण धड होत नाही. असे महिन्यात आठ ‘बघतो’ डोक्यावर घेऊन तू फिरतोस. तुझा थकवा कामाच्या तासांपेक्षा ह्या अर्धवट शब्दांचा जास्त आहे, असं मला पत्र वाचून वाटलं.

आणि एक गोष्ट. थ्रीबीला उशीर झाला तर दर रिटर्नमागे रोजचे ५० रुपये विलंब शुल्क लागतं, कर राहिला असेल तर त्यावर १८ टक्के व्याज. मित्र असलं काहीच लावत नाही. म्हणूनच दोन्ही एका दिवशी आली की मित्र मागे ढकलला जातो, दर वेळी.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी ३१ वर्षं बँकेत होते. माझी एक मैत्रीण होती, तिचं शेत दक्षिण सोलापुरात. वेळ अमावस्येला ती दर वर्षी बोलवायची. शेतात कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, गाडग्यात आंबील, सगळं गणगोत वावरात. ते दिवस नेमके डिसेंबरअखेरच्या तिमाहीच्या आसपास यायचे. मी सहा-सात वर्षं ‘बघते गं’ म्हणत राहिले. दोनदा गेलेही, दुपारी तीनला, सगळे आवरत असताना. मग एका वर्षी तिचा फोन आलाच नाही. मला वाटलं, घरात काही अडचण असेल. दोन महिन्यांनी बाजारात तिची जाऊ भेटली आणि सहज म्हणाली, ‘यंदा ५० माणसं होती शेतात.’ मैत्रीण रागावली नव्हती रे. मी येणार नाही हे तिनं धरून टाकलं होतं, इतकंच. मी फोन केला, ती नेहमीसारखी बोलली, आजही बोलते. पण ते बोलावणं पुन्हा आलं नाही. मी पहिल्याच वर्षी ‘नाही, मला वेळ अमावस्येला जमत नाही, मी हुरड्याला येते’ असं म्हटलं असतं तर ती जानेवारीत मला हुरड्याला घेऊन गेली असती. शेत तेच होतं.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. ‘नाही’ म्हणायला शीक, पण त्या ‘नाही’ला दुसरी तारीख जोडून. ‘१९ ला नाही जमणार, २२ ला मी येतो, जेवण माझ्याकडून.’ आणि मग २२ ला कारखान्याला आग लागली तरच चुकव.

महिन्याच्या २१ पासून अखेरपर्यंतचे दिवस तुझे आहेत. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबर सोडून. शाळेच्या ग्रुपला, क्रिकेटवाल्यांना हे एकदा सरळ सांगून टाक. आपल्या गावातल्या माणसांना क्लोजिंग, नोटीस, मुदत हे सगळं कळतं. अर्ध्या लोकांच्या घरी कापडाचा नाहीतर सुताचा हिशेब आहे. त्यांना तुझ्या न येण्याचा त्रास होत नाही, तुझी वाट बघण्याचा होतो.

आता सणांचं. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, तुझ्यासाठी किती सोयीचा आहे हे तू कधी मांडून पाहिलंयस का? भोगीच्या आदल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे तैलाभिषेक, भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम. हे सगळं ११ च्या पुढं आणि २० च्या अलीकडं. २बी सुद्धा १४ शिवाय येत नाही. म्हणजे अक्षतेच्या दिवशी तुझ्या टेबलावर खरोखर काही नसतं. त्या दिवशी बाराबंदी घाल, नसेल तर पांढरा सदरा घाल, आणि मिरवणुकीतले सातही नंदीध्वज जाईपर्यंत रस्त्यावर उभा राहा. अर्धं सोलापूर तिथं भेटतं. पुण्यात गेलेले सुट्टी काढून आलेले असतात, शाळेतले सर भेटतात, क्लायंटही भेटतात आणि त्या गर्दीत कुणी नोटिशीचं काढत नाही. होम मैदानावर एक संध्याकाळ बायकोला घेऊन फिरलास तर वर्षभराच्या वीस अर्धवट भेटींचं काम तिथं होतं. हे तीन दिवस डायरीत आत्ताच लाल शाईनं लिही.

लेझीमचं मात्र वाईट वाटून घे आणि सोड. गणपती कधी ऑगस्टच्या अखेरीला येतात, कधी सप्टेंबरच्या मध्याला, पण सराव आणि टॅक्स ऑडिट ह्यांची गाठ पडतेच. सोलापूरची लेझीम म्हणजे काय ते मला माहीत आहे. महिनाभर रोज रात्री पाय ठेक्यात पडल्याशिवाय मिरवणुकीत उभं राहता येत नाही, आणि अधूनमधून येणाऱ्या माणसामुळे अख्खी ओळ बिघडते. जुलैमध्येच मंडळाला सांग की यंदापासून मी डावात नाही, विसर्जनाला पोरांना पाणी द्यायला येईन. तुला वाईट वाटेल. तुझ्या जागी सोळा-सतरा वर्षांचा कुणी पोरगा उभा राहील, त्याला ते पहिलं वर्ष मिळेल.

आणि हे सांगताच मंडळवाले म्हणतील, ‘मग हिशेब तरी सांभाळ, तू सीए आहेस.’ अजिबात घेऊ नकोस. तुमच्या व्यवसायातल्या माणसाच्या गळ्यात मंडळाचा, सोसायटीचा, समाजाच्या ट्रस्टचा, भिशीचा, सगळ्यांचा हिशेब पडतो, आणि मग मित्रांत बसल्यावरही पावत्याच निघतात. जुलैत मित्रांची रिटर्नंही तू फुकट भरून देत असशील, ३० तारखेला रात्री. त्यांना १० जुलै ही तारीख दे. त्यानंतर कागद आले तर आर्टिकलचा मुलगा भरेल आणि फी लागेल. एक-दोघं हसतील, एखादा बोलेल. बोलू दे.

कामाच्या बाजूचा एक दोष मात्र तुझ्याच हातचा आहे. विक्रीची बिलं १० ला रात्री आणि खरेदीची १९ ला संध्याकाळी आणून देणारे व्यापारी प्रत्येक ऑफिसात असतात. तुझ्या झोपेतले दोन तास त्यांनी खाल्लेले असणार. नवीन ऑफिस म्हणून चार वर्षं तू हे चालवून घेतलंस, ते समजतं. आता विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत, खरेदीची १२ पर्यंत, असं लेखी कळव. नंतर येईल त्याचं काम शेवटी होईल आणि विलंब शुल्क त्याचं तो भरेल. माझ्या भावानं हे केलं तेव्हा तीन क्लायंट गेले. त्यातला एक वर्षानं परत आला. पण भावाची १९ तारीख बारा वाजता संपायला लागली, आधी ती पहाटे चारला संपायची. आणि हाताखालच्या मुलांना नुसतं एंट्रीवर बसवू नकोस. आर्टिकलशिप म्हणजे शिकायचे दिवस. मिळवणी त्यांना शिकवलीस तर तुझे दिवस मोकळे होतील आणि त्यांचंही भलं होईल.

लग्नांचं थोडक्यात. आपल्याकडे क्लायंट, पाहुणा आणि मित्र असे वेगळे नसतात. सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा तुझ्या वर्गात होता, त्याची बहीण तुझ्या चुलतभावाला दिलेली. त्यामुळे सगळीच आमंत्रणं महत्त्वाची वाटतात. मे महिन्यात, पारा ४० च्या पुढे असताना, एका दिवशी तीन कार्यालयांत अक्षता टाकून धावणारी माणसं मी पाहिली आहेत. तिन्ही ठिकाणी त्यांचं तोंड कुणाच्या लक्षात राहत नाही. ज्यांच्या हळदीला तू हक्कानं गेला असतास त्यांच्याच लग्नाला पूर्ण दिवस दे. बाकीच्यांच्या घरी लग्नानंतरच्या आठवड्यात जोडीनं जाऊन चहा घे. नव्या नवरानवरीला तेव्हाच बोलायला वेळ असतो. आणि मांडवात कुणी ‘नोटीस आलीय, जरा बघा की’ म्हणून फोन पुढं केला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांग, ‘उद्या अकराला ऑफिसला या, चहा घेत बघू.’

शनिवारच्या मंडळींचं एवढंच. आपल्या गावातली निम्मी पोरं पुण्याला गेली. शुक्रवारी-शनिवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं ती उतरतात, त्यांना दीड दिवसात सगळं सोलापूर जगायचं असतं, आणि इथं राहिलेल्यानं रात्री दोनपर्यंत त्यांच्याबरोबर जागायचं असतं. त्यांचा तो आनंद आहे, तुझा मात्र सोमवार जातो. त्यांना रविवारी सकाळी साडेसातला बोलव. चुरमुऱ्यांचा सुशीला खा, तलावाभोवती एक चक्कर मारा, मनसोक्त बोला. जो उठून येईल त्याच्याशी तुझं पुढची वीस वर्षं जमेल. रोज पाच तास झोपून माणूस फार काळ हसतमुख राहत नाही. आणि सहा महिने रोज स्वतःच्या मनानं पित्ताची गोळी खाणं बरं नाही, ह्या आठवड्यात डॉक्टरांना दाखव.

आता तुझ्या बायकोचं.

तू तुझ्या माणसांची यादी लिहिलीस, त्यात ग्रुप आला, मंडळ आलं, क्रिकेट आलं, पुणेवाले आले. ती आली नाही. ती शेवटून दुसऱ्या वाक्यात आली, आणि तीही ‘काही म्हणत नाही’ म्हणून. मला तिचं नाव माहीत नाही, ती काय शिकली, नोकरी करते का, काहीच माहीत नाही, कारण तू लिहिलं नाहीस. तू फाटून गेलायस ते मित्रांमध्ये आणि कामामध्ये. त्या ओढाताणीत ती एक टोकसुद्धा नाही.

लातूर काही परदेश नाही. पण दोन वर्षांपूर्वी ती स्वतःच्या मैत्रिणी, स्वतःची गल्ली, ओळखीचा भाजीवाला सगळं तिथं ठेवून आली. इथं तिला ओळखणारी माणसं म्हणजे तुझी आई, तुझ्या मित्रांच्या बायका, तुझे नातेवाईक. तू रात्री साडेदहाला येतोस तेव्हा दिवसभरात तिच्याशी मनातलं कोण बोललं असेल? पाणी येण्याचा दिवस कोणता, गॅस कधी संपला, हे बोलणं झालं असेल. ‘काही म्हणत नाही’ म्हणजे सगळं ठीक आहे असं तू धरलंस. माझ्या मैत्रिणीनंही मला काही म्हटलं नव्हतं.

मी चुकत असेन तर मला आनंदच होईल. पण विचार. ‘तुला काही त्रास आहे का’ असं विचारू नकोस, त्याला ‘नाही’ हेच उत्तर येतं. असं विचार: ‘सोलापुरात तुझी स्वतःची मैत्रीण कोण आहे?’ आणि उत्तर येईपर्यंत थांब. कुणी नसेल तर तिच्यासाठी मैत्रिणी शोधून आणायच्या भानगडीत पडू नकोस, ती लहान नाही. तिला बाहेर पडायला वेळ आणि मोकळीक मिळेल एवढं बघ. वाचनाची आवड असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं लागतात, जुळे सोलापुरात बायकांचे भजनापासून योगापर्यंत गट असतात. त्या दिवशी घरचं तू सांभाळ, म्हणजे स्वयंपाकासकट. आणि आईला तूच सांग की ती आज बाहेर जाणार आहे. तिला सांगायला लावू नकोस.

२१ तारीख तिची. थ्रीबीच्या दुसऱ्या दिवशी, दर महिन्याला, ऑफिस सहाला बंद. कुठं जायचं ते तिनं ठरवायचं. कधी ती म्हणेल घरीच बसू, तर घरीच बसा. त्या दिवशी मित्र नाहीत, ग्रुप नाही, ‘जाता जाता दोन मिनिटं क्लायंटकडे’ नाही. जुलै-सप्टेंबरमध्येसुद्धा २१ मोडायची नाही. बाकीच्या सगळ्यांना तुझा मोसम कळेल. तिला तो मोसम तू दोन वर्षं दाखवलायस.

काम कमी करू की माणसं, असं विचारलंस. काम थोडं शिस्तीत आण, कमी करू नकोस. ते तू मेहनतीनं उभं केलंयस आणि ह्या गावात राहून केलंयस, त्याचं मला मोल वाटतं. माणसं मात्र थोडी कमी होतील. एखाद-दुसरा ग्रुप आपोआप गळेल, लेझीम सुटेल, काही लग्नं चुकतील. ते होऊ दे.

राहिला तो मित्र. वडील गेले त्या दिवशी २० तारीख होती, हे तू मला लिहिलंस. त्याला हे सांगू नकोस. अशा दिवशी थ्रीबी एक दिवस उशिरा गेलं असतं तर रिटर्नमागे ५० रुपये गेले असते, आणि त्याला ते हिशेबानं नाही तरी मनानं ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या गर्दीत गेलास, तेराव्याचं तू लिहिलेलं नाहीस. आता घर रिकामं झालं असेल. पाहुणे गेले, सांत्वनाला येणारे थांबले. घरातल्यांना खरं एकटेपण आता सुरू होतं, म्हणून उशीर झाला असं समजू नकोस.

फोन करून ‘येऊ का’ विचारू नकोस, नुसता जा. संध्याकाळी सातच्या सुमाराला, जेवणाच्या आधी. बायकोला बरोबर ने, तिला यायचं असेल तर. पिशवीत थोडी फळं असू देत. दारात तो भेटला तर एवढंच म्हण, ‘मी त्या दिवशी यायला पाहिजे होतं.’ पुढं काही जोडू नकोस. मग आत जाऊन त्याच्या आईजवळ खाली बस, आणि तिला काकांविषयी विचार, ते तुमच्या लहानपणी कसे होते ते. ती बोलायला लागेल. तुझा फोन गाडीच्या डिकीत ठेवून जा.